काकींच्या गच्चीवरचे गुन्हेगार

काकींची आणि माझी ओळख झाली ती आमच्या कुकरमुळे. नेरूळ गावात त्यांचं तीन मजली घर होतं आणि वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले, सामान थोडंच. टेम्पोतून उतरवलेल्या वस्तू जिन्यापाशी मांडून ठेवल्या होत्या. तेवढ्यात पदर कमरेला खोचलेली एक उंच, सडसडीत बाई आली. नाव नाही, गाव नाही, सरळ आमच्या कुकरसमोर उकिडवी बसली. झाकण काढून रबर बोटानं दाबून पाहिलं, शिट्टीतून एका डोळ्यानं आरपार बघितलं.

"हा किती वर्सांचा?"

"माहेरून आणलाय. आईनं दिला."

"आयशीनं कवा घेतलेला?"

मला सांगता येईना. त्यांनी मान हलवली. "बाय, ह्याच्यात उद्या डाळ नको लावू. मी माझा देते."

महिनाभरात मी नवा कुकर घेतला आणि आईचा कुकर त्यांच्या गच्चीवर गेला. त्यांनी खिळा-हातोडी घेऊन त्याच्या बुडाला भोकं पाडली, तळाशी विटांचे तुकडे घातले, वर नारळाची सोडणं आणि शेणखताची माती. त्यात पुदिना लावला. झाकण उलटं करून चिमण्यांच्या पाण्यासाठी कठड्यावर ठेवलं. मग कुकरच्या पोटावर हात फिरवत म्हणाल्या, "बस आता गप. आता तो कुनाला काय करनार नाय."

हे वाक्य पुढच्या काही वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलं की घरात एखादी वस्तू बिघडली की माझ्याही तोंडी येऊ लागलं.

काकींना भीती वाटायची. कसली, असं विचारलं तर घरातल्या वस्तूंची. विजेचं बटण त्या हातानं कधी दाबत नसत. दाराआड एक लाटणं टांगलेलं असायचं, त्यानं दाबायच्या. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून नाक वर करून वास घ्यायच्या, कुणाचा गॅस सुटला नाही ना म्हणून. आमच्या दाराशी येऊन "बाय, शेगडी बंद केलीस ना?" असं विचारायच्या. मी हो म्हटलं तरी आत येऊन बघायच्या, आणि पाहून झाल्यावर ओशाळं हसायच्या. मला राग यायचा, पण त्या हसण्यावर काही बोलताही यायचं नाही.

पुढे ती भीती मला लागली. मी तेव्हा महाप्याला नोकरी करत होते. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी असताना डोक्यात यायचं, इस्त्री बंद केली का? केली असणार. पण केली का? एकदा बस समोर उभी असताना मी मागं फिरून धावत घरी आले. इस्त्री बंद होती, वायर गुंडाळून ठेवलेली होती. काकी जिन्यातच भेटल्या. माझा चेहरा पाहून त्यांना कळलं.

"आन ती इकडं," त्या म्हणाल्या.

मी खरंच इस्त्री त्यांना देऊन टाकली. त्यांनी तिचं कवच उघडून आतल्या तारा काढल्या आणि त्या पोकळीत कोरफडीचं एक पिल्लू बसवलं. माझ्या नवऱ्याचे शर्ट नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे जायला लागले. नवरा पुष्कळ दिवस कुरकुरला. मला मात्र बसची वाट बघताना बरं वाटू लागलं.

गच्ची बघण्यासारखी होती, हे सांगायलाच हवं. जुन्या गॅसच्या शेगडीवर बर्नरच्या जागी चिनी गुलाब फुललेले. टेबलफॅनच्या दोन जाळ्या एकमेकींना बांधून केलेल्या गोलातून गोकर्णीचा वेल बाहेर येत होता. उताणा ठेवलेला बंद पडलेला फ्रिज, त्यात पाणी, पाण्यात कमळाची दोन पानं आणि डास होऊ नयेत म्हणून सोडलेले गप्पी मासे. गिझरची टाकी उभी चिरून केलेल्या पन्हळीत आळूची रांग. सगळ्याला निळा नाही तर पिवळा रंग. संध्याकाळी खाडीकडून वारा आला की तारेला लावलेल्या कुकरच्या शिट्ट्या एकमेकींवर आपटून किणकिणायच्या.

गल्लीतल्या बायकांना हे सगळं माहीत होतं. ज्या वस्तूनं घरात कुणाला दुखापत केली ती वस्तू बायका काकींकडे आणून सोडायच्या. मिक्सरच्या पात्यानं बोट कापलं, मिक्सर काकींकडे. समोरच्या घरातली सून एकदा लाकडी स्टूल घेऊन आली. त्यावरून पडून तिच्या सासूचं मनगट मोडलं होतं. काकींनी सगळी चौकशी केली. सासू कुठल्या बाजूला पडली, स्टूल आधी डुगडुगत होतं का, खाली फरशी ओली होती का. सून बिचारी पोलीस चौकीत आल्यासारखी उत्तरं देत होती. चौकशी झाल्यावर काकींनी स्टुलाचा एक पाय करवतीनं कापला आणि उरलेलं स्टूल भिंतीला आडवं टांगून त्यात नेचे लावले.

"पाय कशाला कापला?" मी विचारलं.

"परत कोनी उतरवून वापरला तर?"

एकदा पलीकडच्या सोसायटीतली एक बाई गच्ची बघायला आली. कुणीतरी तिला फोटो दाखवले होते. तिला आपल्या मैत्रिणींसाठी काकींचा वर्ग भरवायचा होता, जुन्या वस्तूंतून बाग कशी सजवायची त्याचा. ती खूप वेळ बोलली. काकींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमाला घरात कशाची भीती वाटते?"

बाई हसली. "भीती? कशाचीच नाही."

"मग काय बनवनार?" काकी म्हणाल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

गच्चीच्या एका कोपऱ्यात पाण्याची जुनी मोटर होती. तिला काकी दर वर्षी लाल रंग द्यायच्या. पण तिच्यात किंवा तिच्यावर काही लावलेलं नव्हतं. एका दुपारी त्या रंग देत होत्या आणि मी वाळवणाची राखण करत बसले होते, तेव्हा मी विचारलं, ह्यात काही लावत का नाही?

त्या ब्रश न थांबवता बोलत राहिल्या. "ही चालू होत नव्हती म्हनून ह्यांनी बगायला घेतली. मी वरून सांगितला, च्या पिऊन जावा. म्हनाले, आलोच. पायात चप्पल नव्हती. टाकीपाशी पानी साचलेला. नितेश तवा शालंत गेलेला." मग ब्रश डब्यात बुडवून म्हणाल्या, "हिला मी माती देनार नाय. हिनं असंच बसायचं."

त्यांनी मोटरच्या मागच्या बाजूलाही नीट रंग दिला.

नितेश त्यांचा एकुलता एक मुलगा. शांत, आईसारखाच उंच. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला होता आणि मोटरसायकलनं जायचा. तो रस्ता ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. पुढेमागे ट्रेलर, धूळ, आणि दोन ट्रेलरच्या मधल्या फटीतून दुचाकीवाले निघालेले. तो निघाला की काकी गच्चीवर चढायच्या आणि काहीतरी रंगवत किंवा खुरपत बसायच्या. तो परत येईपर्यंत त्यांच्या हाताला उसंत नसे. त्या गच्चीवरची निम्मी बाग नितेशच्या ड्युटीच्या वेळात झाली होती, असं मला वाटतं.

एका संध्याकाळी तो कोपर सोलवटून आला. खडीवरून गाडी घसरली होती, बाकी काही नाही. त्यानं हसत हसत सांगितलं. काकींनी जखम धुतली, हळद लावली, एक शब्दही बोलल्या नाहीत. मला तेव्हाच चिंता वाटायला हवी होती असं नवरा नंतर म्हणाला. पण त्या रात्री जेवताना त्या अगदी नेहमीसारख्या होत्या.

रविवारी नितेश उशिरापर्यंत झोपला. मी दहाच्या सुमारास दूध आणायला खाली उतरले आणि पायरीवरच थांबले. ओट्याजवळ त्याची मोटरसायकल उभी होती. सीट काढून त्या जागी प्लास्टिकची टोपली बांधली होती, टोपलीत माती आणि झेंडूची रोपं. पुढचा दिवा निघाला होता आणि त्या खोबणीत चिनी गुलाब. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं होतं. काकी तांब्यानं टाकीत माती ओतत होत्या आणि लाकडाच्या काठीनं ठासत होत्या. बाजूला सदाफुलीचं रोप मुळं ओली करून ठेवलेलं.

"काकी, पेट्रोल?" मला दुसरं काही सुचलं नाही.

"काडला. शेजाऱ्याच्या गाडीत घातला, वाया नाय गेला." त्यांचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते, कपाळावर घाम. त्या घाईत होत्या, पण चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेली स्वस्थता होती. "झाला बग. आता ती कुनाला…"

वाक्य पुरं झालं नाही, कारण नितेश दारात उभा होता.

मला वाटलं आता आरडाओरडा होईल. गल्लीतली दोन माणसंही थांबली होती. तो पुढं आला, गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीच्या तोंडाशी बोट घालून पाहिलं. ते बोट शर्टला पुसत आईकडे वळला.

"आये, मला पन भर माती."

"असा काय बोलतोस?"

"नाय, खरंच. गाडी घसरली ती मी चालवीत होतो म्हनून. मग गुन्हेगार मी ना? मला बी बसव वर गच्चीवर. मोगरा लाव. मग मी कुठं जानार नाय नि कुनाला काय करनार नाय."

काकींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. नितेश आत गेला, अंघोळ केली, पिशवीत कपडे भरले. जाताना त्यानं मला नमस्कार केला, आईला केला नाही. जासईला यार्डातल्या एका मित्राची खोली होती, तिथं राहायला गेला.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण ते कुणालाच सुखाचे गेले नाहीत. पूर्वी काकींना तो घरी येईपर्यंत काळजी असायची. आता तो घरी येणारच नव्हता, तेव्हा काळजीला संध्याकाळ उरली नाही. त्या भाजीला गेल्या तर रस्त्यात अर्ध्यावरून परत यायच्या. घास तोंडाशी नेऊन विसरायच्या. गच्चीवर जाणंही कमी झालं. चिनी गुलाब सुकले, तेव्हा मी आणि नवऱ्यानं आळीपाळीनं पाणी घालायला सुरुवात केली. गाडी ओट्याजवळ तशीच होती. झेंडूला फुलं आली होती, आणि त्यांच्याकडे काकी बघायच्याही नाहीत.

रोज सकाळी त्या माझ्याकडे यायच्या. "त्याला फोन लाव. मी लावला तर उचलीत नाय. जेवला का विचार. तूच विचारतेस असा दाखव."

मी विचारायचे. नितेश सभ्यपणे सांगायचा, जेवलो वहिनी. मग थोडा थांबून, "ती बरी हाय ना?" मी हो म्हणायचे. काकी शेजारी उभं राहून माझ्या चेहऱ्यावरून त्याचं बोलणं वाचायचा प्रयत्न करायच्या.

एके दिवशी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "मला जासईला ने."

मी म्हटलं रजा काढते, ट्रेननं जाऊ, आता उरणची गाडी आहे, ती जासईच्या बाजूनं जाते, त्रास होणार नाही. त्या नाही म्हणाल्या. "तो ज्या रस्त्यानं जायचा त्याच रस्त्यानं जायाचा."

आम्ही रिक्षा केली. काकी मधोमध बसल्या आणि माझं मनगट धरलं. ट्रेलरांचा रस्ता लागला तसं त्यांचं धरणं घट्ट होत गेलं. एक ट्रेलर आमच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या चाकांची उंची रिक्षाच्या टपाएवढी वाटली. रिक्षा धुळीत गेली. मला वाटलं काकी आता रिक्षा थांबवायला लावतील. पण त्यांनी डोळेही मिटले नाहीत. पुढं एक मोटरसायकलवाला दोन ट्रेलरच्या मधून निघाला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "असा जातो होय रे." कुणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही. रिक्षावाला आरशातून बघत राहिला.

यार्डाच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. मी नितेशला फोन केला. तो पिवळं जाकीट आणि हेल्मेट घालून बाहेर आला, आणि आईला बघून जागच्या जागी थांबला.

"कशी आलीस?"

"रिक्षानं. ह्या रस्त्यानं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं आईला बाकावर बसवलं, चहा सांगितला. आत फाटकापलीकडे कंटेनर एकावर एक रचलेले दिसत होते, लाल, निळे, गंजलेले. काकी त्यांच्याकडे बघत होत्या.

"ते वरचे पडत नाय?"

"नाय. कोपऱ्यात लॉक असतात."

"तू त्यांच्या खाली असतोस?"

"बाजूला असतो."

"बाजूला म्हंजे किती?"

"आये."

त्या थांबल्या. बशीत चहा ओतला, पण प्यायल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घरी चल."

नितेशनं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "येतो. पन मी गाडी घेनार. नवी. ह्याच रस्त्यानं रोज येनार नि रोज जानार. मंग तू काय करशील?"

काकी खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या, आणि त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलून मोकळं होणं त्यांना जमलं नसतं. एक ट्रेलर फाटकातून बाहेर पडला, सगळी टपरी हादरली, बशीतल्या चहावर वलयं उठली. ट्रेलर पार वळणापर्यंत जाईतो त्या बघत राहिल्या.

"घाबरेन," त्या म्हणाल्या.

नितेशच्या ओठांच्या कडा हलल्या. "घाबर. पन माती भरू नको."

"नाय भरनार."

"शप्पत नको घेऊ. नुसती सांग."

"सांगितला ना, नाय भरनार." मग थोड्या वेळानं, "तू पन हलू चालव. त्या फटीतून नको जाऊ. ट्रेलर पुढं जाऊ दे, मंग जा."

"बरं."

"बरं नको म्हनू. जाऊ देतोस का सांग."

"जाऊ देतो."

परत येताना काकींनी माझं मनगट धरलं नाही. दोन्ही हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. पण बेलापूर येईपर्यंत अंग ताठच होतं.

नितेश त्या आठवड्यात घरी आला. काही दिवसांनी नवी गाडी आली. काकींनी तिला हार घातला, हळदकुंकू लावलं आणि ओवाळता ओवाळता पेट्रोलच्या टाकीकडे बघत मध्येच थांबल्या. नितेशनं आईच्या हातातलं ताट घेतलं आणि पुढची आरती स्वतः केली.

दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची ड्युटी होती. मी बससाठी निघाले होते. तो हेल्मेटचा पट्टा लावून निघाला आणि गल्लीच्या तोंडाशी वळला. गाडीचा आवाज पुष्कळ वेळ ऐकू येत राहिला, मग इतर आवाजांत मिसळला. काकी फाटक धरून उभ्या होत्या. गच्चीवर गेल्या नाहीत. मी म्हटलं, वर चला, शेवंतीला पाणी घालू. त्यांनी मान हलवली.

"नको. आज काय करनार नाय. आज नुसती बसनार."

त्या पायरीवर बसल्या. मी बस सोडली आणि त्यांच्या शेजारी बसले. ऑफिसला कळवलं की उशीर होईल. दूधवाला येऊन गेला. समोरच्या घरातल्या सासूबाई दारात आल्या, आमच्याकडे बघून आत गेल्या. काकींचा मोबाइल त्यांच्या मांडीवर पालथा पडला होता आणि त्यांच्या हाताची बोटं पदराचं टोक गुंडाळत, सोडत होती. भीतीला असं रिकाम्या हातानं भेटायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. मला ते बघवत नव्हतं, आणि उठून जाताही येत नव्हतं.

फोन वाजला. त्यांनी तो उलटा करून नाव पाहिलं, माझ्याकडे दिला, पुन्हा परत घेतला आणि स्वतः कानाला लावला. पलीकडून नितेश काय बोलला ते ऐकू आलं नाही. एकदोन शब्दच असावेत.

काकींनी फोन खाली ठेवला. खांदे जरासे सैल झाले.

"पोचला," त्या म्हणाल्या.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि पर्स उचलून उठले. त्या अजून रस्त्याकडेच बघत होत्या.

"आता त्याला परत यायचा हाय," त्या म्हणाल्या, आणि मला जायला वाट देण्यासाठी पायरीवर थोड्या बाजूला सरकल्या.